अंगठा न चालणारं बोर्डिंग

बाबा, ओळखलं का कोण बोलतंय ते? घाई नाही, निवांत आठवा, तुमच्याकडे आता वेळच वेळ आहे. नाहीच आठवत? मग मीच सांगते. ज्या पोरीला यवतमाळच्या मोटार-स्टँडवर विसरून तुम्ही राळेगावच्या मोटारीत चढून बसला होतात, तीच मी. सभा झाली होती, तुमच्या गळ्यात हार होते, चार जण आपापलं रडगाणं सांगत मोटारीच्या दारापर्यंत आले, तुम्ही चढलात आणि मोटार सुटली. मी चिवडेवाल्यापाशी उभी, हातात तुमची छत्री. दोन मैल गेल्यावर खिडकीतून ऊन लागलं तेव्हा तुम्हाला छत्री आठवली, आणि छत्रीवरून मी. तेवढं अंतर चालत परत आलात, धोतर धुळीनं लाल. "रडली नाई का व तू?" म्हणून विचारलंत. "कायले रडू? छत्री होती ना, घ्याले येसानच," मी म्हटलं. हे तुम्हीच पुढं लोकांना हसत हसत सांगायचात. मीही हसायचे. आता वाटतं, छत्री माझ्याजवळ होती म्हणून बरं.

मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. ती शाळेत शिकवते, त्यामुळे माझं बोलणं जरा इस्त्री करून कागदावर ठेवते. ठेवू दे. फक्त माणसं जे बोलली ते तसंच लिही म्हणून मी तिला बजावलंय, नाहीतर तुम्ही आणि माय दोघंही रेडिओवर बातम्या देताय असं वाटेल. पत्र कुठं टाकायचं हे तिनं सुरुवातीलाच विचारलं. मी म्हटलं, आधी लिही, मग पाहू.

तुम्ही आमदार झालात तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. मला आमदार म्हणजे काय ते कळत नव्हतं. एवढंच कळलं की आपल्या घरी आता पहाटेपासून चपला काढलेल्या असतात. कुणी विहिरीसाठी, कुणी रस्त्यासाठी, कुणी भावकीच्या भांडणासाठी. प्रत्येकाच्या हातात अर्ज, आणि प्रत्येकाच्या पोटात भूक, कारण माणूस दहा कोसांवरून बैलगाडीनं आलेला. तुम्ही नागपूरला असलात तरी लोक यायचेच. ते म्हणायचे, आमदारसाहेब नसले तर बसतो, येतील. बसलेल्या माणसाला जेवू घालावं लागतं. माय भाकरी थापायची, मी शेकायची. एका वेळेला वीस-पंचवीस पानं. माझं नाव गावच्या शाळेत घातलं होतं, तुम्ही स्वतः येऊन घातलं होतं, मास्तरांना पेढा दिला होता. मी शाळेत गेले ती पहिल्या पंधरवड्यात. पुढं मायचा हात भाजला आणि मी घरीच राहिले, आणि हात बरा झाल्यावरही राहिले. पण मास्तर आमदाराच्या पोरीची गैरहजेरी कशी लावणार? त्यांची बदली तुमच्या हातात. त्यांनी मला रोज हजर लावलं, आणि दरवर्षी पास करून वरच्या वर्गात ढकललं. बाबा, मी चुलीपुढं बसून चौथी पास झाले. जिल्ह्यात असं दुसरं कुणाला जमलं असेल असं वाटत नाही.

छप्पन साली नागपूरची विधानसभा उठली आणि तुम्हाला मुंबईला जावं लागलं. तुम्ही आणखी लांब गेलात. महिन्यातून एखादं पत्र यायचं. मायच्या नावचं, आणि शेवटी हमखास एक ओळ: हे पत्र पोरीकडून वाचून घे. ही ओळसुद्धा पोस्टमनच वाचून दाखवायचा. वाचायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. मी त्याला ताक द्यायची आणि सांगायची, "काका, कोनाले सांगू नका बरं." तो म्हणायचा, "मी कायले सांगू, माय? तू ताक देत जा." मायनंही तुम्हाला सांगितलं नाही. ती म्हणायची, ते तिकडे सगळ्या राज्याचं पाहून राह्यले, त्यायच्या डोक्याले हे आनखी कायले? आणि तुम्ही घरी आलात की माझ्या डोक्यावर हात ठेवून लोकांना सांगायचात, माझी पोरगी चौथी झाली. मी मान खाली घालायची. तुम्हाला वाटायचं, पोरगी लाजते. तुमच्या डोळ्यांतलं ते मोडायला माझं मन होत नव्हतं.

तुम्ही पुढची निवडणूक सोडलीत त्याचं कारण लोक अजून काहीबाही सांगतात. कुणी म्हणतं तिकीट मिळालं नाही, कुणी म्हणतं प्रकृती. मी तिथंच होते, तव्यावर भाकर होती. एक बाई आली होती, अंगावर फाटल्या जागी गाठ मारलेलं लुगडं, खांद्यावर तान्हं. आली आणि ओट्यावर न बसता उभ्यानंच बोलायला लागली. "काय आमदारसाब, आमच्या गावचा मास्तर काहून नेला तुमी?" तुम्ही म्हणालात, "तुमीच तं अर्ज देल्ला ना, बाई. बायायचे चाळीस अंगठे होते." ती म्हणाली, "आमी दुसरा मास्तर मांगतला होता. पोरं लय झालते, एकाले आवरत नव्हते. एक मास्तर आहे, आनखी एक द्या, असं आमी बोललो." तुम्ही आत जाऊन कागदांचं बाड उपसलंत. अर्जाची नक्कल सापडली. त्यात लिहिलं होतं, हा मास्तर नको, बदली करा. लिहिणाऱ्याचं मास्तरशी बांधावरून भांडण होतं. चाळीस बायांनी अंगठे दिले, तुम्ही खाली शिफारस लिहून सही केली, मास्तर गेला, नवा आला नाही आणि शाळेत शेळ्या बसायला लागल्या. तुम्ही तो कागद हातात धरूनच बाहेर आलात. मग तिला म्हणालात, "बाई, चूक माह्यी झाली." ती म्हणाली, "तुमची झाली तं झाली, पन पोरगी घरी बसली ना माह्यी." आणि ती जेवायला थांबली नाही. आपल्या घरून न जेवता गेलेली तेवढी एकच.

त्यानंतर तुम्ही उभे राहिला नाहीत. लोक समजवायला आले, जीप घेऊन आले, मंत्र्यांची चिठ्ठी घेऊन आले. तुम्ही राळेगावला जाऊन कापसाच्या सेठांना भेटलात. त्यांची एक जुनी जिनिंग बंद पडली होती, तिचं गोदाम रिकामं होतं. सेठ पान लावता लावता म्हणाले, "आमदारसाब, कपास तो अब आती नहीं इधर, लडकियाँ आने दो. लेकिन एक बात, मेरी नवासी भी बैठेगी." नवासी म्हणजे त्यांच्या लेकीची लेक. असं ते बोर्डिंग सुरू झालं. खेड्यापाड्यातल्या पोरींनी तिथं राहायचं, खायचं आणि शाळेत जायचं. आढ्याला अजून कापसाचे पुंजके चिकटलेले होते. वारा सुटला की पोरींच्या वेण्यांवर पडायचे, पोरी म्हणायच्या बर्फ पडून राह्यला. बर्फ त्यांनी पुस्तकातच पाहिला होता. मी तिथंही नाही.

तुमचा नियम एकच होता. या दारातून अंगठा चालणार नाही. शाईचं पॅड घरात ठेवू दिलं नाहीत. पोरीला सणासुदीला घरी न्यायचं असेल तर आईनं यायचं, दारातल्या पाटावर बसायचं आणि रजिस्टरात आपलं नाव आपल्या हातानं लिहायचं. येत नसेल तर शिकायचं. दोन तास लागोत की दोन दिवस, जेवण आपल्याकडं. बाया आधी घाबरल्या, मग चिडल्या, मग त्यांना त्यात मजा वाटायला लागली. एकीनं नाव लिहिलं आणि म्हणाली, "इतकुसंच आहे व माहं नाव? मले वाटलं मोठं असन." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मी आत स्वयंपाकघरात होते. माय आणि मी त्या बोर्डिंगच्या चुलीवर आलो होतो. गावातल्या चुलीवरून राळेगावच्या चुलीवर माझी बदली झाली, एवढाच तुम्ही आमदारकी सोडल्याचा मला फरक.

आता त्या दिवसाचं सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही कलेक्टर कचेरीत यवतमाळला गेला होतात. शिकवणारी बाईही सुट्टीवर. माय तेवढ्यापुरती गावी गेलेली. दुपारून एक आई आली, आर्णीकडची, पायांना चिखल. शेवटची मोटार पकडायची होती. पोरगी बोचकं बांधून तयार. बाई पाटावर बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल बाई, लवकर शिकव माहं नाव. आमदारसाबाची पोरगी हायेस तू, तुले काय कठीन आहे?" मी रजिस्टर आणलं. टाक आणला. तिच्यासमोर बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी टाकाकडे. बाबा, माझ्या हाताला इतका घाम कधी तव्यापुढंही आला नाही. सगळ्या पोरी भोवती उभ्या. त्यांना वाटत होतं मी मुद्दाम गंमत करते आहे. एखादीला तू शिकव म्हटलं असतं, पण मग मी का नाही, हे आलंच असतं. शेवटी मी उठले, आत गेले, तव्याच्या पाठीची काजळी बोटानं खरवडली, थेंबभर तेल घातलं, बाहेर आले आणि त्या बाईचा अंगठा काजळीत बुडवून रजिस्टरात दाबला. "जा, मोटार जाईन," म्हटलं. ती गेली. पोरी माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मी भात उतू गेला म्हणत आत पळाले. चुलीवर भात नव्हताच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रजिस्टर उघडलंत. सगळं पान वाकड्यातिकड्या नावांचं, आणि खाली एक काळा अंगठा. तुमचा आवाज मी तसा आधी ऐकला नव्हता, सभेतसुद्धा नाही. "कोनं घेतला हा?" मी स्वयंपाकघराच्या दारात आले. "मी घेतला." "तू? अवो, तुह्या बापानं ज्याच्यासाठी आमदारकी सोडली, तेच तू त्याच्याच घरात केलं? घाई असन तं रात्री ठेवाची होती तिले. शिकवाचं होतं. आळस केला तुनं." तेवढं आळस ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "मले येत नाई."

"काय येत नाई?"

"लिहिता."

तुम्ही हसलात. थोडंसंच, चेष्टा समजून. "चौथी झाली ना व तुही?"

"नाव होतं शाळेत. मी चुलीपाशी होती."

माय तेव्हाच गावाहून आली होती, डोक्यावरचं गाठोडंही उतरवलं नव्हतं. तिनं एकदाच तोंड उघडलं. "पंचवीस मानसं जेवत होते रोज तुमच्या नावानं. त्यायच्या भाकरी काय विधानसभेनं केल्या?"

तुम्ही रजिस्टर मिटलंत. टोपी काढून मांडीवर ठेवलीत. पोरींसमोर तुमचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला वाईट वाटलं ते त्याचं. त्या दिवशी पोळ्याच्या पुरणपोळीचा घास तुम्ही मोडला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ मळत होते तर तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. हातात पाटी. पोरींसाठी आणलेल्यांतलीच, पण नवी कोरी, लाकडाची चौकट अजून पिवळी. "ये," म्हणालात. मी म्हटलं, "हात पिठाचे हायेत." तुम्ही बसलात. लसूण सोलायला घेतलात, असा सोललात की पाकळीपेक्षा सालच जास्त. तासाभरानं उठून गेलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "ये." "वरन लागून राह्यलं." तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या नावाचं पहिलं अक्षर पाटीवर काढून पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलंत. मी दिवसभर त्याच्याकडे पाठ करून काम केलं. तुमच्यावर मला इतका राग होता, बाबा, आणि त्याचं नाव मला सांगता येत नव्हतं. गावोगावच्या पोरींना तुम्ही पाटावर बसवलंत, त्यांच्या आयांना बसवलंत, आणि मी तुमच्या पानात भाकर वाढत होते तेव्हा एकदाही, एकदाही म्हणाला नाहीत की वाच गं जरा, पाहू. वर आळस म्हणालात. असे आठ दिवस तुम्ही आलात. आठव्या दिवशी मी ओल्या फडक्यानं ते अक्षर पुसून टाकलं, तुमच्या डोळ्यांदेखत, ओटा पुसल्यासारखं. तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं." आणि लसणाच्या साली गोळा करून बाहेर टाकल्यात.

नवव्या दिवशी तुम्ही मुकुटबनला गेलात. तिकडच्या कोलाम आदिवासींच्या पाड्यावरची माणसं पोरी पाठवायला तयार नव्हती, म्हणून तुम्ही तिथं जाऊन राहिलात. चार दिवसांनी आलात ते दोन पोरी घेऊन. त्यांना आपली बोली येत नव्हती. लहानी मला बिलगली, कारण चुलीपाशी ऊब होती आणि मी काही विचारत नव्हते. तुम्ही आत आलात, डब्यामागची पाटी उचललीत आणि तिच्या हातात दिलीत. तिथून पुढं ती माझ्या शेजारी बसून गिरवायची, जीभ बाहेर काढून. मी तिला गरम भाकरीचा पापुद्रा तेल-तिखट लावून द्यायची. पाटीकडे कधी पाहिलं नाही असं म्हणाले तर खोटं होईल. पण शिकले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, आर्णीला आले. तुम्ही दोनदा आलात. दोन्ही वेळा बोर्डिंगचं बोललात, नवी खोली बांधायचं, विहिरीचं. मी चहा केला. दुसऱ्या वेळी जाताना उंबऱ्यात थांबलात. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणालात, "छत्री कुठं ठेवली मी?" हातातच होती.

तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा माझी मोठी दोन महिन्यांची होती. बोर्डिंगच्या दारात, त्याच पाटावर, कुणीतरी तेच रजिस्टर ठेवलं होतं. आलेल्या माणसांनी त्यात नाव लिहून जायचं. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. रांग लागली. पुढारी होते, सेठ होते, त्यांची नात होती, पण निम्म्याच्या वर बायाच. एकेक येऊन बसायची, पदर खोचायची, नाव लिहायची, डोळे पुसायची. लुगड्याला गाठ मारलेली ती बाई होती, जी न जेवता गेली होती. तिनंही लिहिलं. मीही रांगेत उभी राहिले, लेक छातीशी. कशाला उभी राहिले कुणास ठाऊक, पाय गेले. माझ्या पुढं दोन बाया उरल्या तेव्हा मी रांगेतून बाहेर पडले आणि चहाला आधण ठेवायला आत गेले. लोकांना वाटलं, पोरगी किती खंबीर. तुमच्या त्या वहीत सगळ्यांची नावं आहेत, बाबा. माझं नाही.

मी माझ्या पोरींना शिकवलं, सुनांना शिकू दिलं, नात तर आता दुसऱ्यांच्या पोरी शिकवते. पण कुणी विचारलं की आजी, आमदाराच्या घरात जन्मून तू अडाणी कशी, तर साठ वर्षं मी एकच उत्तर दिलं: बाबांना साऱ्या जगासाठी वेळ होता, माझ्यासाठी नव्हता. तुमच्या फोटोला हार घालायला बोलावलं होतं तेव्हा माईकवर सुद्धा म्हटलं. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. नात पुढच्या रांगेत होती. आज ते आठ दिवस सांगितले तेव्हा तिनं लेखणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "आजी, म्हणजे ते आले होते?" आले होते. आणि अजून एक आहे, ते मायलाही ठाऊक नव्हतं. नवव्या दिवशी मी पहाटेच पीठ मळून ठेवलं, भांडी आटोपली, हात साबणानं धुतले, कोपरापर्यंत, नखांतलं पीठ काडीनं काढलं, आणि पाटी समोर घेऊन उंबऱ्याकडे तोंड करून बसले. ऊन स्वयंपाकघरातून अंगणात गेलं तरी बसले होते. तुम्ही मुकुटबनला गेलात हे मला संध्याकाळी कळलं. चार दिवसांनी आलात तेव्हा मी ते सांगू शकले असते. एक शब्द. तुम्ही पाटी उचललीत तेव्हा मी म्हणाले असते, ठेवा, माझी आहे. मी भाकर उलटवली.

नात म्हणते, आता तरी तुझं नाव शिकवते, पत्राखाली तूच लिही. मी म्हटलं, राहू दे, माह्या नावाला तुह्या पंजोबाची वाट पाहायची सवय आहे. ते मी पेटीत ठेवणार आहे, लुगड्यांच्या खाली. कुणी येणार असेल तुमच्याकडून इकडे, तर नागपंचमीच्या आधी या म्हणावं, माहेराहून लेकीकडं येतात तसं. रिकाम्या हातानं पाठवू नका. गोड नको, डॉक्टरनं साखर बंद केली आहे. ज्वारीच्या लाह्या पाठवा, तिखट-मीठ लावून, जरा जास्तच. दात राहिले नाहीत, तरी पाठवा.